अर्धवट हौद आणि पुरा हिशेब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडचे जुने लोक सांगत आले. लग्नातले रुसवेफुगवे पाठवणीबरोबर निवळतात. बांधकामातला रुसवा मात्र दारासमोर उघडा पडून राहतो. आज आपण अशाच एका रुसव्याचा विचार करणार आहोत. मालकाने पैसे दिले, ठेकेदाराने काम अर्ध्यावर सोडले, आणि अंगणात एक मोठा खड्डा राहिला. आता पुढे काय?

पेण-रोह्याच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत बंगल्यांची आणि शेतघरांची बांधकामे दिसू लागली आहेत. मुंबई-गोवा रस्ता जवळ, डोंगर जवळ, खाडीही फार लांब नाही. त्यात काही घरांपुढे पोहण्याचा हौद बांधतात. त्याला गावातही आता सगळे ‘स्विमिंग पूल’च म्हणतात. तुम्ही म्हणाल, “आम्हाला पोहायला नदी आहे, विहीर आहे. श्रीमंतांच्या हौदाशी आमचं काय देणंघेणं?” देणेघेणे आहे, आणि ते असे : हौदाच्या भांडणात जो कायदा लागतो तोच तुमच्या विहिरीच्या बांधकामाला लागतो, गोठ्याच्या पत्र्यांना लागतो आणि घराच्या स्लॅबलाही लागतो. हौदाचे उदाहरण घ्यायचे ते एवढ्याचसाठी, की त्यात खोदाई, काँक्रीट, पाणी आणि पाऊस या चारही गोष्टी एकत्र येतात.

समजा, रामवाडीतल्या एका गृहस्थांनी आपल्या घरापुढे हौद बांधायला दिला. हे गृहस्थ कल्पित आहेत, ठेकेदारही कल्पित. पण गोष्ट ऐकताच तुम्हाला कोणी तरी ओळखीचे आठवेल. हौद आतून २४ फूट लांब, १२ फूट रुंद, ५ फूट खोल. ठरलेली रक्कम आठ लाख रुपये. काम मे महिन्याच्या अखेरीस पुरे करायचे. खोदाई झाली, तळ आणि भिंती उभ्या राहिल्या, आणि ठेकेदार म्हणाला, “साहेब, माल आणायचा आहे, थोडी उचल द्या.” अशी उचल देता देता सहा लाख गेले. मग मजूर होळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. फरशी नाही, गाळणयंत्र नाही, पाइप उघडे. फोन केला की “पुढच्या सोमवारी नक्की.” असे कितीतरी सोमवार गेले आणि मृग जवळ आला.

अशा वेळी मालकाच्या तोंडून पहिले वाक्य निघते, “माझे सगळे सहा लाख परत टाका.” ठेकेदाराचे पहिले वाक्य असते, “उलट तुमच्याकडेच माझं येणं निघतं.” गंमत अशी, की दोघेही मनापासून बोलत असतात. कारण दोघांपैकी एकानेही अद्याप फूटपट्टी हातात घेतलेली नसते.

म्हणून पहिली गोष्ट मोजमाप. खोदाईचाच हिशेब पाहा. आपल्याकडे खोदाई ब्रासने मोजतात; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मालक हौदाची आतली मापे घेतो : २४ गुणिले १२ गुणिले ५, म्हणजे १४४० घनफूट, अर्थात १४.४ ब्रास. ठेकेदार म्हणतो, “अहो, तळ आणि भिंती अर्धा-अर्धा फूट जाडीच्या आहेत, त्यांची जागा कोणी खोदली?” तीही धरली तर २५ गुणिले १३ गुणिले साडेपाच, म्हणजे जवळजवळ १८ ब्रास होतात. शिवाय फळ्या ठोकायला बाहेरून चोहोबाजूंनी दोन-दोन फूट मोकळी जागा लागते. तीही मोजली तर हाच आकडा २७ ब्रासांवर जातो. खड्डा एकच, आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर! कोणता धरायचा हे आधी लिहून ठेवले नसेल तर भांडण अटळ आहे. त्यात मुरूम संपून खाली कातळ लागला तर तो फोडण्याचा जादा खर्च कोणाचा, हाही प्रश्न आलाच.

यावर उपाय काय? सरकारी बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तक ठेवण्याची पद्धत आहे. काम होईल तसे माप घ्यायचे, लिहायचे, आणि त्यावरून बिल करायचे. आपल्या घरच्या कामालाही शंभर पानी वही पुरते. तारीख, झालेले काम, माप, दिलेली रक्कम आणि दोघांच्या सह्या. काम थांबले असेल तर दोघांच्या समक्ष, किंवा ठेकेदार येत नसल्यास त्याला लेखी कळवून, एखाद्या त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. काय झाले, काय राहिले, झालेल्यात सदोष काय आणि उरलेले पुरे करायला खर्च किती, एवढ्या चार गोष्टी त्याच्या अहवालात हव्यात. छायाचित्रे काढावीत आणि ती ज्या फोनवर काढली तो फोन जपून ठेवावा. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर ज्याच्याजवळ कागद आहे त्याचे बोलणे ऐकले जाते.

काही जण विचारतील, “आमचा करार तोंडीच होता. मग तो फुकट गेला का?” नाही. आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा. त्याप्रमाणे असा तोंडी करारही करारच असतो. अडचण पुराव्याची येते. बँकेतून दिलेले पैसे, फोनवर आलेले निरोप, सिमेंटच्या पावत्या, हे सारे मिळून करार कसा होता ते सांगू शकतात. पण जे एका कागदाने झाले असते त्यासाठी मग दहा कागद गोळा करावे लागतात.

दुसरी गोष्ट मुदत. “मेअखेर म्हटलं होतं, आज जून उजाडला, करार रद्द, उद्यापासून पाऊल टाकू नकोस,” असे मालकाला वाटणे साहजिक आहे. पण कायदा एवढा उतावळा नाही. याबाबतीत एक खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. नांदूर मध्यमेश्वर कालव्यावरच्या एका जलसेतूचे काम १९५५ साली एका कंपनीला दिले होते, मुदत बारा महिन्यांची. मुदतीत काम झाले नाही, तेव्हा सरकारने १९५६ साली करार रद्द केला. वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले, करारातच मुदतवाढीची सोय आहे, उशिराबद्दल दंडाचीही सोय आहे; तेव्हा ठरल्या दिवशी काम न होताच करार मोडावा एवढे महत्त्व दोन्ही पक्षांनी त्या तारखेला दिलेले नव्हते. अशा वेळी नवी वाजवी मुदत देऊन, त्या मुदतीत काम पुरे न झाल्यास करार संपेल, असे आधी बजावायला हवे होते. सरकारने तसे न करता करार रद्द केला, तो गैर ठरला.

यातून आपण घ्यायचा बोध सरळ आहे. राग आला तरी ठेकेदाराला दारातून हाकलू नका. तसे केले की काम सोडणारा तो राहत नाही, काम थांबवणारे तुम्ही ठरता. त्याऐवजी नोटीस द्या. नोटीस म्हणजे शिव्याशापांचे पत्र नव्हे. काय राहिले आहे, किती पैसे दिले आहेत, कोणत्या तारखेपर्यंत काम पुरे करायचे, आणि न केल्यास काय करणार, एवढेच त्यात असावे.

मुदत किती द्यावी? इथे १९६३ सालच्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेली दुरुस्ती उपयोगी पडते. ठेकेदाराने करार मोडला तर तेच काम दुसऱ्याकडून करून घ्यावे आणि त्याला प्रत्यक्ष आलेला खर्च पहिल्याकडून मागावा, हा अधिकार ह्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत मिळाला आहे. मात्र अट अशी, की आधी किमान तीस दिवसांची लेखी नोटीस दिलेली हवी. आणि काम खरोखरच दुसऱ्याकडून करून घेतलेले हवे. नुसता अंदाजाचा कागद दाखवून हा खर्च मिळत नाही. तीस दिवस थांबणे जड जाते खरे. पण तेच तीस दिवस पुढे तुमच्या बाजूने उभे राहतात. नोटीस पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आता ठेकेदाराचीही बाजू ऐकली पाहिजे. काम अर्धे झाल्यावर “खोली पाच फुटांऐवजी सहा करा, बाजूला मुलांसाठी लहान हौद काढा,” असे मालकाने सांगितले असेल तर वाढलेला वेळ आणि पैसा ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही. पाणी आणि वीज मालकाने द्यायची ठरली होती आणि ती दिली गेली नाही, तर उशीर ठेकेदाराचा कसा? जे पुरवायचे ते ज्याने पुरवले नाही, त्याला दुसऱ्याच्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही, हेही १८७२ च्याच कायद्यात आहे. म्हणून बदल सांगायचा तो वहीत लिहून, त्याची किंमत आणि वाढीव दिवस ठरवून.

तिसरी गोष्ट पैशाचा हिशेब, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. कायद्याचा हेतू ठेकेदाराला शिक्षा करण्याचा नसतो. करार पाळला गेला असता तर मालक ज्या स्थितीत असता त्या स्थितीत, पैशापुरते, त्याला आणून ठेवण्याचा असतो. आपल्या गृहस्थांचे पाहू. ठरलेली रक्कम आठ लाख, दिलेले सहा लाख. म्हणजे द्यायचे उरले होते दोन लाख. उरलेले काम दुसऱ्या ठेकेदाराने साडेपाच लाखांत पुरे केले. त्यांचा एकूण खर्च झाला साडेअकरा लाख. आठ लाखांत जे व्हायचे ते साडेअकरात झाले. नुकसान साडेतीन लाखांचे. सहाही नव्हे आणि साडेपाचही नव्हे.

उलट बाजू पाहा. याच गृहस्थांनी तीनच लाख दिले असते आणि उरलेले काम साडेचार लाखांत पुरे झाले असते, तर एकूण खर्च साडेसात लाख. म्हणजे ठरल्यापेक्षा कमीच! मग काम पुरे करण्याच्या खर्चापोटी मागण्यासारखे काही उरत नाही. यावरून दिसेल, की मालकाचे नुकसान होते ते मुख्यतः पैसा कामाच्या पुढे धावल्याने. ठेकेदाराचे नुकसान काम पैशाच्या पुढे गेल्याने होते. पैसा आणि काम जोडीने चालले, तर मध्येच वेगळे व्हावे लागले तरी कोणी बुडत नाही.

या कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत, ती शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहेत. एकात घरदुरुस्तीचे पैसे आगाऊ घेऊन दुरुस्ती ठरल्याप्रमाणे न करणारा मनुष्य आहे. ती ठरल्याप्रमाणे करून घेण्याचा खर्च त्याला द्यावा लागतो. दुसऱ्यात बांधणाऱ्याला आधीच सांगितलेले असते, की हे घर अमक्या तारखेपासून भाड्याने द्यायचे ठरले आहे. घर इतके वाईट बांधले की ते पडते. तेव्हा पुन्हा बांधण्याच्या खर्चाबरोबर बुडालेले भाडेही त्याला भरून द्यावे लागते. मर्म आहे ते ‘आधीच सांगितलेले’ या शब्दांत. तुमचे कोणते नुकसान होईल हे ठेकेदाराला ठाऊक नसेल, तर तसले लांबचे नुकसान त्याच्याकडून मागता येत नाही.

आणि काम पुरे झाले, पण थोडे उणे राहिले तर? याचे उत्तर एका हौदाच्याच खटल्यात मिळते. इंग्लंडात केंट परगण्यात एका घरमालकाने साडेसात फूट खोलीचा हौद सांगितला होता. बांधला गेला तो जास्तीत जास्त पावणेसात फुटांचा. तो फोडून नव्याने बांधायला २१,५६० पौंड लागणार होते. पण हौद सूर मारायला सुरक्षित होता आणि घराची किंमतही कमी झाली नव्हती. १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, नव्या बांधकामाचा खर्च देणे अवाजवी ठरवले आणि मनाजोगते न मिळाल्याबद्दल खालच्या न्यायालयाने दिलेले २,५०० पौंडच कायम केले. परदेशचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो. पण त्यातला विचार पटण्यासारखा आहे. भरपाई उणिवेच्या मापाने असावी.

भांडण चालू असताना एक गोष्ट मात्र कोणासाठी थांबत नाही, आणि ती म्हणजे कोकणातला पाऊस. अर्धवट हौद पावसाळ्यात दोन प्रकारे घात करतो. पहिला घात हौदाचाच. पावसाने भोवतालच्या जमिनीतले पाणी वर येते. रिकामा हौद त्या पाण्यात होडीसारखा वागतो. आपल्या उदाहरणातला हौद बाहेरून सुमारे १७८८ घनफूट आहे. पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढले तर ते त्याला सुमारे ५० टनांच्या जोराने वर ढकलील. आणि त्याच्या काँक्रीटचे वजन भरते सुमारे २५ टन! म्हणून रिकामे हौद उचलले जातात, तडकतात, त्यांचे पाइप तुटतात. यासाठी तळाखालचे पाणी वाहून जाण्याची वाट ठेवावी, दाब सोडणारी झडप बसवावी, आणि तेवढे काम झाले नसेल तर अभियंत्याला विचारून हौदात पाणी भरून ठेवावे. “ठेकेदाराचं काम आहे, मी कशाला हात लावू?” हे म्हणणे चालत नाही. सहज टाळता आले असते असे नुकसान मालकाने होऊ दिले, तर भरपाई ठरवताना कायदा तेही पाहतो. छायाचित्रे काढावीत, ठेकेदाराला लेखी कळवावे, आणि बचावाचे काम करून त्याच्या पावत्या ठेवाव्यात.

दुसरा घात याहून भयंकर. पाच फूट पाण्याने भरलेला, कठडा नसलेला, गढूळ खड्डा. शेजारची मुले, गुरे, रात्री वाटेने जाणारा माणूस, कोणीही त्यात पडू शकते. बांधलेल्या हौदाच्या भिंती सरळसोट असतात. पडलेल्या मुलाला धरायला काठ मिळत नाही. तेव्हा दोष कोणाचा हे ठरायचे तेव्हा ठरो. कुंपण आजच घाला. हे मालकानेही करावे आणि काम सोडून जाणाऱ्या ठेकेदारानेही जाण्यापूर्वी करावे. साडेतीन लाख पुढेमागे वसूल होतील. बुडालेले मूल कोणत्याही न्यायालयातून परत मिळत नाही.

आता दाद कुठे मागायची? पुष्कळ लोक प्रथम पोलीस चौकीवर जातात. पण काम पुरे न करणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच लुबाडण्याचा हेतू होता असे दिसले तरच तो गुन्हा होतो. एरवी हा दिवाणी वाद आहे. पहिली पायरी गावातलीच, चार जाणत्यांसमोर वही उघडून बसण्याची. तिथे जमले तर तडजोड लिहून घ्यावी. न जमल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जाता येते. खटला भरण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, त्याला न्यायालयीन शुल्क पडत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

त्यानंतर ग्राहक आयोग. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे १९९३ सालापासून ग्राहक कायद्यात आले आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. एक सूचना : हौद घरच्यांसाठी असेल तर तुम्ही ग्राहक; पण घर पर्यटकांना भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी तो बांधला असेल, तर हा दरवाजा बहुधा बंद होतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरता तो उद्योग असेल तर गोष्ट वेगळी. दिवाणी न्यायालय मात्र मालक आणि ठेकेदार दोघांनाही खुले आहे. तिथली मुदत साधारणपणे तीन वर्षांची.

पण वाचकहो, दाद मागावी लागू नये हेच बरे. काम देतानाच रकमेचे हप्ते पाडा आणि प्रत्येक हप्ता डोळ्यांना दिसणाऱ्या कामाला बांधा : खोदाई झाली की इतके, तळ ओतला की इतके, भिंती झाल्या की इतके. शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावर. ही परीक्षा सोपी आहे. हौद भरावा, काँक्रीटने प्यायचे ते पाणी प्यावे म्हणून सात दिवस जाऊ द्यावेत, मग पातळीची खूण करून आणखी सात दिवस पाहावी. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवावी, म्हणजे उन्हाने किती आटले आणि हौदाने किती गळवले हे अंदाजाने कळते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. घनफळ शिकवताना पुस्तकातला पेटारा सोडा आणि मुलांना शाळेच्या टाकीकडे न्या. आतून मोजा, बाहेरून मोजा, ब्रास काढा, लिटर काढा. आपल्या उदाहरणातल्या हौदात जवळजवळ ४१ हजार लिटर पाणी मावते, हे त्यांना स्वतः काढू द्या. मग तीन खड्ड्यांचा तो हिशेब फळ्यावर मांडा आणि विचारा, बरोबर कोण? ज्या मुलांना इयत्ता सातवीत कळेल की दोन प्रामाणिक माणसांचे आकडे वेगळे येऊ शकतात, ती मोठेपणी घर बांधताना आधी माप ठरवतील आणि मग पैसे देतील.